पिशवी काढल्यानं लघवीवर ताबा येत नाही

साठीतल्या बाईनं "शिंक आली तरी लघवी सुटते" असं कुणाजवळ बोलून दाखवलं की बीड जिल्ह्यात बहुधा दोनच उत्तरं मिळतात. एक, "वय झालं, आता चालायचंच." दुसरं, "पिशवी खराब झाली असेल, काढून टाक, एकदाची कटकट जाईल." पहिलं उत्तर अर्धवट आहे. दुसरं साफ चुकीचं आहे, शिवाय महागही, कारण त्यासाठी कर्ज काढावं लागतं किंवा ऊसतोडीच्या मुकादमाकडून वाढीव उचल घ्यावी लागते. सोलापूर-धुळे महामार्गावरच्या चौसाळ्यापासून थेट बालाघाटातल्या वाड्या-तांड्यांपर्यंत हा सल्ला जावा, नणंदा, शेजारणी आणि कधी कधी पांढरा कोट घातलेली माणसंही इतक्या सहज देतात, की गर्भाशय काढणं हा लघवीच्या तक्रारीवरचा उपाय आहे हे जणू ठरूनच गेलंय. वैद्यकशास्त्रात मात्र उतारवयात लघवी का सुटते याची कारणं मांडताना गर्भाशय काढलेलं असणं हे जोखमींच्या यादीत येतं. उपायांच्या यादीत त्याचं नाव नाही.

मुळात लघवी अडवून धरण्याचं काम गर्भाशय करतच नाही. ते काम मूत्रमार्गाभोवतीचा झडपेसारखा स्नायू करतो आणि ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे ताणलेले स्नायू त्याला आधार देतात. खोकला, शिंक, हसू किंवा वजन उचलणं, यातलं काहीही झालं की पोटातला दाब वाढतो. झोळी घट्ट असेल तर मूत्रमार्ग दाबला जाऊन बंद राहतो आणि सैल असेल तर गळती होते. ही झाली ताणाची गळती. दुसऱ्या प्रकारात मूत्राशय पुरतं भरण्याआधीच आकुंचन पावतं आणि बाई आडोशाला पोचायच्या आत लघवी होते. ही घाईची गळती. कित्येकींना दोन्ही असतात. आता शस्त्रक्रियेत काय होतं ते पाहू. मूत्राशय गर्भाशयाला आणि त्याच्या मुखाला समोरून चिकटलेलं असतं. गर्भाशय काढताना ते सोडवून बाजूला करावं लागतं, गर्भाशयाला धरून ठेवणारे बंध कापावे लागतात आणि मूत्राशयाकडे जाणारे बारीक मज्जातंतू त्याच परिसरात असतात. ज्या आधारावर लघवीचा ताबा टिकून असतो, तिथंच ही सगळी कापाकापी चालते. त्यातून ताबा परत येईल ही अपेक्षा कुठून आली, हे मोठं कोडं आहे.

शंका असणाऱ्यांसाठी पुरावा देतो. २००० साली 'द लॅन्सेट'मध्ये ब्राउन आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. साठीपुढच्या स्त्रियांमध्ये, गर्भाशय काढलेल्यांत लघवी सुटण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी जास्त निघाली. साठीच्या आत मात्र असा फरक दिसला नाही. हे दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं, त्याकडे पुढे येतो. २००७ साली त्याच नियतकालिकात स्वीडनमधला अभ्यास आला. त्यात कर्करोग नसताना गर्भाशय काढलेल्या १,६५,२६० स्त्रियांची तुलना न काढलेल्या ४,७९,५०६ स्त्रियांशी केली होती. ताणाच्या गळतीसाठी पुढे शस्त्रक्रिया करावी लागण्याची जोखीम पहिल्या गटात २.४ पट होती. यावर एक रास्त आक्षेप आहे. जिचं गर्भाशय काढलं जातं, तिला बाळंतपणंही जास्त झालेली असू शकतात, अंग आधीच खाली उतरलेलं असू शकतं, मग दोष शस्त्रक्रियेचा की आधीच्या झिजेचा? आक्षेपात तथ्य आहे. वाढलेल्या जोखमीतला काही वाटा नक्कीच त्या झिजेचा असणार. शिवाय शस्त्रक्रियेनंतरच्या वर्ष-दोन वर्षांत काहींची गळती कमी झाल्याचं दाखवणारे अभ्यासही आहेत. पण शस्त्रक्रियेचा दोष वजा करून पाहिला तरी तिचा फायदा सिद्ध होत नाही. आणि जोखीम कुणाला आहे एवढंच ओळखायचं असेल, तर "पिशवी काढलीय का?" हा प्रश्न दोन्ही बाजूंनी कामाचा ठरतो.

बीडमध्ये हा प्रश्न जास्त तातडीचा आहे, कारण इथं उत्तर "हो" येण्याची शक्यता फार मोठी. जून २०१९ मध्ये विधिमंडळात सरकारनं सांगितलं, की आधीच्या तीन वर्षांत जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशयं काढली गेली. त्याच वर्षी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी ८२,३०९ ऊसतोड महिलांचं सर्वेक्षण झालं, त्यात १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे सहाजणींत एकीचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयातल्या भारतीय स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी, त्यामुळे आकडा आकड्यावर ठेवून भागाकार करू नये, पण अंतर डोळ्यांवर येण्याइतकं आहे. यातल्या बऱ्याचजणी चाळिशीच्या आतल्या. आता वरचं ते दुसरं वाक्य आठवा. फरक साठीनंतर उघडा पडतो. २०१९ साली जी बाई ३५-४० वर्षांची होती, तिची साठी २०४० च्या आसपास येईल. तेव्हा तिला लघवी सुटू लागली तर पंचवीस वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनशी त्याचा संबंध जोडायचं कुणाच्या मनातही येणार नाही. तिला सांगितलं जाईल, "वय झालं."

बरं, पिशवी काढल्यावर आधीची कारणं जातात का? एकही जात नाही. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. ट्रॉली भरत आली की तिरक्या टेकवलेल्या अरुंद फळीवरून मोळीसकट वर चढायचं. त्या चढाच्या प्रत्येक पावलाला श्वास रोखला जातो, पोट आवळलं जातं आणि सगळा दाब खालच्या त्या झोळीवर येतो. दिवसभर हेच, सहा महिने हेच, बाळंतपणानंतर पुरते दिवस भरायच्या आत पुन्हा हेच. खाडा झाला तर दंड, म्हणून विश्रांती नाही. उसाच्या फडाजवळ संडास नाही, म्हणून लघवी दाबून ठेवायची आणि पाणी कमी प्यायचं, मग लघवीत जंतुसंसर्ग. कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, चुलीचा धूर, त्यातून जुनाट खोकला. कमी पाण्यानं बद्धकोष्ठ, मग कुंथणं. या साखळीच्या प्रत्येक कडीचा गळतीशी संबंध आहे आणि गर्भाशयाशी जवळपास एकीचाही नाही. अंगावरून पांढरं जातंय, कंबर दुखतेय, लघवीला जळजळ होतेय म्हणून गेलेल्या बाईला "ठेवलीस तर कॅन्सर होईल" अशी भीती घालून टेबलावर घेतल्याच्या तक्रारी २०१९ च्या चौकशीत पुढे आल्या. लघवीच्या जंतुसंसर्गावर आठवडाभराचं औषध पुरतं, त्याच्या जागी अवयव गेला.

"पण आमच्या जावेला ऑपरेशननंतर बरं वाटलं की!" वाटलं असेल. तिला दोन-तीन महिने मोळी उचलायला लागली नसेल, विश्रांतीचा तो परिणाम. किंवा तिचं अंग बाहेर येत असेल आणि शस्त्रक्रियेत ते नीट बसवलं असेल. अंग उतरणं, मोठ्या गाठी, न थांबणारा रक्तस्राव, कर्करोग ही गर्भाशय काढण्याची खरी कारणं आहेत, त्यांना कुणी नाकारत नाही. गंमत अशी, की अंग फार खाली उतरलेलं असताना मूत्रमार्ग दुमडून लघवी उलट अडून राहते. अंग वर बसवलं की दुमड सुटते आणि तोवर लपलेली गळती सुरू होते. चांगले शल्यचिकित्सक हे आधी तपासतात आणि सांगतात. आणखी एक गोष्ट मात्र अजिबात हलक्यात घेऊ नये. ऑपरेशननंतर काही दिवसांत रात्रंदिवस, खोकला-शिंकेविनाही पाण्यासारखी धार लागली, तर मूत्राशयाला भोक पडून ते योनीत उघडलेलं असू शकतं. याला "होईल बरं" म्हणणं म्हणजे गुन्हाच. बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय गाठावं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. वय झालं की होणारच? वयासोबत प्रमाण वाढतं, पण उपाय संपत नाहीत. १९९१ साली अमेरिकेत पंचावन्न आणि त्यापुढच्या स्त्रियांना ठरावीक वेळानं लघवीला जाण्याची नुसती सवय लावली, तर गळतीचे प्रसंग ५७ टक्क्यांनी घटले. पाणी तोडलं की गळती थांबते? घट्ट लघवी मूत्राशयाला जास्त डिवचते, तोडायचाच असेल तर संध्याकाळनंतरचा चहा तोडा. सिझर झालेल्यांना भीती नाही? नॉर्वेतल्या १५,३०७ स्त्रियांच्या अभ्यासात मूल न झालेल्यांत १०.१ टक्के, सिझरवाल्यांत १५.९ आणि नैसर्गिक बाळंतपणवाल्यांत २१ टक्के गळती आढळली. जोखीम कमी होते, शून्य होत नाही. पाळी गेल्यावर हॉर्मोनच्या गोळ्या घेतल्या की ताबा येतो? २००५ च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत पोटात घ्यायच्या गोळ्यांनी गळती वाढली. योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम ही वेगळी गोष्ट, त्याचा उपयोग होतो. वजनाचा काय संबंध? वजनदार स्त्रियांनी सहा महिन्यांत सरासरी ८ टक्के वजन उतरवलं तेव्हा आठवड्यातले गळतीचे प्रसंग ४७ टक्क्यांनी कमी झाले, हे २००९ साली छापून आलंय.

म्हणून आशाताईंनी किंवा आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं विचारायचे प्रश्न साधे आहेत, फक्त ते पुरुषांच्या रांगेसमोर विचारू नयेत. बाळंतपणं किती, पिशवी काढलीय का आणि कितव्या वर्षी, खोकला किती दिवसांचा, शौचाला कुंथावं लागतं का, साखर तपासलीय का, गुडघ्यांमुळे उठायला उशीर होतो का. आणि गोळ्यांची पिशवी उघडून पाहायची. लघवी वाढवणारी पाण्याची गोळी संध्याकाळी घेतली जात असेल तर रात्रीची धावपळ तिचीच. प्राझोसिनसारखी रक्तदाबाची गोळी मूत्रमार्गाचा स्नायू सैल करते. एनालाप्रिल किंवा रामिप्रिलनं कोरडा खोकला लागतो आणि खोकल्यानं गळती. गोळी मनानं बंद करायची नाही, डॉक्टरांकडून बदलून घ्यायची. लघवीत रक्त, ताप, किंवा अचानक पायांत अशक्तपणा असेल तर थांबू नये. उरलेल्या बहुतेकींसाठी पहिला उपाय फुकट आहे. वारा अडवताना जे स्नायू आत ओढले जातात ते श्वास न रोखता आवळायचे, आठ-दहा सेकंद धरायचे, सोडायचे. एका वेळी निदान आठदा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. ताणाची गळती असलेल्यांपैकी हा व्यायाम करणाऱ्या ५६ टक्के स्त्रियांनी आपण बऱ्या झाल्याचं सांगितलं, न करणाऱ्यांत ६ टक्क्यांनी, असं २०१८ चा कॉक्रेन आढावा सांगतो. तीन महिन्यांनी फरक पडला नाही तर पुढे औषधं आहेत, मूत्रमार्गाला आधार देणारी पट्टीची शस्त्रक्रिया आहे. पिशवी काढलेल्या बाईनंही हाच व्यायाम करायचा, आणि पहिली मोळी उचलायच्या आधी एकदा आवळून मगच उचलायची.