कॅम्प चार, बॅरेक नंबर आणि गूगल

उल्हासनगरचा पत्ता बाहेरच्या माणसाला एका दमात कळत नाही. कॅम्प, सेक्शन, बॅरेक नंबर. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं तिथल्या बॅरेकमध्ये राहिली. १९४९ साली वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं, पत्ते मात्र छावणीचेच राहिले. इथल्या माणसाला बॅरेक नंबर पुरतो. डोंबिवलीहून सोफा घ्यायला निघालेल्याला नाही पुरत. तो मोबाइलवर ‘उल्हासनगर सोफा सेट’ असं लिहितो आणि वर जी दोन-तीन दुकानं दिसतात तिकडे वळतो.

मी उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या छोट्या व्यावसायिकांच्या वेबसाइट तयार करते. साइट सुरू झाली की आठवड्याभरात फोन येतो, “मॅडम, गूगलवर दिसत नाही हो.” त्यांचं बरोबर असतं. आपण शोधतो तेव्हा गूगल सगळं इंटरनेट धुंडाळत नाही. त्याचा गूगलबॉट नावाचा प्रोग्रॅम एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्या पानावर जात आधीच वाचन करून ठेवतो, त्याची सूची बनते आणि आपल्याला उत्तर मिळतं ते त्या सूचीतून. नव्या साइटकडे कुठूनच लिंक नसेल, तर तो तिथवर पोचणार कसा? म्हणून गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ या मोफत सेवेत साइट नोंदवायची आणि तिथे साइटमॅप, म्हणजे आपल्या पानांची यादी द्यायची.

त्याआधी एक गोष्ट तपासा. वर्डप्रेसच्या ‘रीडिंग’ सेटिंगमध्ये, सर्च इंजिनांनी ही साइट सूचीत घेऊ नये, अशा अर्थाचा एक चौकोन असतो. काम चालू असताना त्यात खूण करतात आणि नंतर ती काढायची राहून जाते. साइट ग्राहकासाठी उघडी, गूगलसाठी बंद! खूण काढली की झालं.

खरी अडचण मला दिसते ती मजकुरात. अंबरनाथच्या एमआयडीसीतला कारखानदार छापील ब्रोशर आणून देतो आणि म्हणतो, हेच टाका. त्याचा फोटो चिकटवला, की माणसाला सगळं वाचता येतं, पण पानावर मजकूर म्हणून एक ओळही नसते. चित्रातल्या अक्षरांच्या भरवशावर राहू नये. मराठीत तर आणखी एक पेच. डीटीपीवाल्याने जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर कॉपी केला, की वेबवर नुसती अगम्य चिन्हं उमटतात. तो पुन्हा युनिकोडमध्ये टाइप करावा लागतो किंवा कन्व्हर्टरने बदलून काळजीपूर्वक तपासावा लागतो. हे काम कंटाळवाणं आहे, तरी मी ते कधीच टाळू देत नाही.

मजकुरात शब्द कोणते हवेत, हे दुकानदाराला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. मी त्यांना काउंटरवर वही ठेवायला सांगते. ग्राहक फोनवर जे विचारतो, ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. “बदलापूर ईस्टला घरी येऊन आरओ दुरुस्त करता का?” या एका प्रश्नात काम, गाव आणि रेल्वेची बाजू आली. ब्राउझरच्या टॅबवर आणि सहसा गूगलच्या निकालात निळ्या अक्षरांत दिसतं ते पानाचं टायटल. तिथे ‘होम’ किंवा ‘वेलकम’ लिहून जागा वाया घालवू नका. ‘सोफा सेट, पलंग, कपाटं – उल्हासनगर कॅम्प ४’ असं सरळ लिहा. कामं वेगवेगळी असतील तर पानंही वेगळी करा. तिन्ही गावांची नावं तळाशी चाळीसदा लिहिण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, गूगलच्या नियमांत ती फसवणूकच ठरते. लपवून कीवर्ड भरायच्या ‘मेटा कीवर्ड्स’ टॅगचा क्रमवारीसाठी उपयोग करत नाही, हे तर गूगलने २००९ सालीच सांगून टाकलं आहे.

दुकानासाठी वेबसाइटइतकंच महत्त्वाचं आहे ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’. नकाशावर दिसणारी ती नोंद मोफत असते. आसपासचं दुकान दाखवताना गूगल तीन गोष्टी बघतं: विचारलेल्या कामाशी मेळ, अंतर आणि ख्याती. नकाशावरची पिन दाराशीच असावी. बॅरेक नंबर लिहाच, पण जोडीला कॅम्प, रस्ता आणि जवळची ठळक खूणही द्या. नाव आणि फोन सगळीकडे सारखेच ठेवा. रिव्ह्यू खऱ्या ग्राहकाकडून मागा, विकत घेऊ नका.

बदलापूरच्या जांभळाला जीआय मानांकन मिळालं आहे. जांभूळ विकणारे मला मे महिन्यात विचारतात, पान करून द्याल का? तोवर उशीर झालेला असतो. पान फेब्रुवारी-मार्चमध्येच हवं, कारण गूगलला ते सापडायला आणि त्यावर भरवसा बसायला वेळ लागतो. हंगाम संपला की ते पुसूनही टाकू नये. त्याच पत्त्यावर ठेवून पुढच्या वर्षी भाव आणि तारखा बदलाव्यात, म्हणजे वर्षभरात कोणी दिलेल्या लिंक फुकट जात नाहीत. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली गूगल उभं केलं तेच मुळी या विचारावर, की ज्या पानाकडे इतर चांगली पानं बोट दाखवतात ते महत्त्वाचं. व्यापारी संघटनेची सभासद-यादी, कंपनीच्या साइटवरची डीलरांची यादी, स्थानिक बातमी, असे दुवे थोडे असले तरी कामाचे असतात.

आणि “आठ दिवसांत पहिला नंबर, गॅरंटी” म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. जीन्सच्या कारखान्यात राबून साठवलेले पैसे असे जाताना पाहिले की मला संताप येतो. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, असं गूगल स्वतः सांगतं. बदलांचा परिणाम दिसायला चार महिने ते वर्षही लागू शकतं.

तोवर दर महिन्याला सर्च कन्सोलमधला ‘परफॉर्मन्स’ रिपोर्ट उघडा. लोकांनी काय टाइप केलं आणि आपलं पान दिसलं, हे त्यात कळतं. जांभळाच्या पानावर लोक ‘जांभूळ बी पावडर’ शोधत येताहेत असं दिसलं आणि तुम्ही ती विकत असाल, तर पुढचं पान त्या पावडरीचं करा.