नियोजित नगरातील घरांचे मोल

मुंबईवरील लोकसंख्येचा भार हलका व्हावा म्हणून खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६५ साली मांडली. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि त्या कल्पनेस मूर्त रूप येऊ लागले. रस्ते, शाळा, उद्याने आधीच आखलेल्या नगरात घरांच्या किमती सट्ट्याच्या लाटेवर हेलकावे खाणार नाहीत, असा एक भाबडा समज तेव्हापासून रूढ आहे. अनुभव मात्र त्याला दुजोरा देत नाही.

१९९२ साली रेल्वे वाशीपर्यंत पोहोचली. त्याच सुमारास मुंबई परिसरात स्थावर मालमत्तेची जी तेजी उसळली, ती १९९५ च्या आसपास शिगेला पोहोचून पुढे कित्येक वर्षे ओसरत राहिली. त्यानंतरच्या मोठ्या तेजीचा जोर २०१४ नंतर मंदावला. पण ही मंदी अधिक फसवी होती. भाव कोसळले नाहीत, व्यवहार थंडावले. विकणारा आपला आकडा सोडीना आणि घेणारा पुढे येईना.

अशा स्थितीत घरमालकाची हानी डोळ्यांना दिसत नाही. समजा, एखाद्याने ४० लाखांची सदनिका घेतली आणि सहा वर्षांनी तिचा भाव तेवढाच राहिला. महागाई वर्षाला ५ टक्के धरली, तर त्या ४० लाखांची क्रयशक्ती ३० लाखांवर आली. त्याने १० टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी ३० लाख कर्ज काढले असेल, तर या सहा वर्षांत त्याने सुमारे २१ लाख रुपये हप्त्यांपोटी भरलेले असतात आणि तरीही २६ लाखांहून अधिक मुद्दल शिल्लकच असते. तेजीच्या ऐन भरात घर घेणाऱ्या पगारदाराला हे गणित सहसा कोणी मांडून दाखवीत नाही.

वस्तुतः येथे नियोजनकार आणि जमीनदार एकच आहे. शहर उभारणीचा खर्च जमीन विकून भागवावयाचा, हे या योजनेचे मूळ सूत्र. रेल्वेमार्गांच्या खर्चाचाही ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला. भूखंड निविदेने चढ्या दराने विकले जावेत ही मग संस्थेची आर्थिक गरज ठरते, आणि स्वस्त घरांचे उद्दिष्ट तिच्याच तिजोरीच्या आड येते. ज्या ९५ गावांच्या जमिनींवर हे सारे उभे राहिले, त्यांना विकसित भूखंडाचा साडेबारा टक्के वाटा मिळण्यापूर्वी १९८४ साली जासई परिसरातील आंदोलनात पाच बळी पडावे लागले, हेही या किमतीच्या हिशेबात धरावयास हवे.

शिवाय, वाढते ते जमिनीचे मोल. इमारत झिजतच असते. वाशीत सिडकोने बांधलेल्या कित्येक इमारती काही दशकांतच धोकादायक ठरल्या. तरी त्यांतील घरांना गिऱ्हाईक मिळते, कारण पुनर्विकासात वाढीव चटईक्षेत्र मिळेल ही आशा. भिंतींना भाव नसून परवानगीला भाव आहे.

जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, डिसेंबर २०२५ मध्ये विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. परंतु उलवे, द्रोणागिरी येथील दरांत या दोहोंची अपेक्षा फार पूर्वीच मिसळून गेली होती. आता तेथे घर घेणारा विमानतळाचे मूल्य आगाऊच चुकते करतो. त्या परिसरात रोजगार किती आणि केव्हा येतील हे ठरण्यापूर्वीच त्याचे हप्ते सुरू होतात.