छायाचित्रांची ठेव : कोठे आणि कोणाच्या भरवशावर?

एके काळी घरोघरीच्या कपाटात जाड काळ्या पानांचा अल्बम असे. पानांमधून पातळ बटर पेपर, छायाचित्रांच्या मागे आजोबांच्या हस्ताक्षरातील तारीख. सणावाराला तो बाहेर येई आणि तीन पिढ्या त्याभोवती बसत. आज एका विवाहसोहळ्यात निघतात तेवढी छायाचित्रे त्या पिढीच्या वाट्याला आयुष्यभरातही आली नसतील. तरीही दहा वर्षांपूर्वीचे आईचे एखादे छायाचित्र शोधू जावे, तर ते सापडेलच याची शाश्वती राहिलेली नाही.

बहुतेक कुटुंबे आपली छायाचित्रे इंटरनेटवरील एखाद्या सेवेकडे सोपवितात. व्यवहाराच्या भाषेत ही ठेवच होय. पैशाची ठेव ठेवताना माणूस संस्थेची पत, अटी आणि वारसाची नोंद पाहतो. छायाचित्रांच्या बाबतीत मात्र अटी न वाचताच ‘मान्य आहे’ हे बटण दाबले जाते.

या अटी बदलतात, हे गेल्या काही वर्षांत वारंवार दिसले. कोडॅक कंपनीची ऑनलाइन गॅलरी २०१२ मध्ये बंद झाली. लोकप्रिय ‘पिकासा’चा कारभार २०१६ मध्ये आटोपला. ‘फ्लिकर’ने २०१३ मध्ये एक टेराबाइट जागा विनामूल्य देऊ केली आणि २०१८ मध्ये विनामूल्य खात्यांवर एक हजार छायाचित्रांची मर्यादा जाहीर केली. ‘गुगल फोटोज’ची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून थांबली. आता मिळणारी १५ जीबी जागा ई-मेल, ड्राइव्ह आणि छायाचित्रे या तिन्हींसाठी सामाईक आहे. एक छायाचित्र सरासरी ४ एमबीचे धरले, तर सगळी जागा छायाचित्रांना देऊनही ती पावणेचार हजारांतच संपते. शिवाय दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गुगल काढून टाकू शकते.

म्हणून निवड करताना प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा : जतन करणे वेगळे आणि वाटणे वेगळे. नातलगांच्या व्हॉट्सॲप गटावर छायाचित्र टाकणे म्हणजे वाटणे. ते जतन नव्हे. तेथे छायाचित्र आकुंचित होते आणि पुढे मोठ्या आकारात छापल्यास धूसर दिसते. मूळ प्रत पाठवायची असल्यास ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.

जतनासाठी जाणकार ‘तीन-दोन-एक’ हा नियम सांगतात : एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांपैकी एक घराबाहेर. फोन किंवा संगणक, एक बाह्य हार्ड डिस्क आणि एक ऑनलाइन सेवा एवढ्याने हा नियम पाळला जातो. सेवा निवडताना मूळ आकार टिकतो का, वार्षिक शुल्क किती आणि सगळा संग्रह एकदम परत उतरवून घेता येतो का, हे तीन प्रश्न विचारावेत. ज्या दारातून ठेव परत मिळत नाही, तेथे ती ठेवू नये.

वाटतानाही सावधगिरी हवी. ‘लिंक असलेल्या कोणालाही पाहता येईल’ ही सोय सोपी खरी, पण ती लिंक पुढे कोणाच्या हाती जाईल, हे पाठविणाऱ्याच्या स्वाधीन राहत नाही. छायाचित्रात ते काढल्याचे ठिकाणही नोंदलेले असू शकते. लहान मुलांच्या बाबतीत तर निवडक नातलगांच्या ई-मेलपुरताच अल्बम खुला ठेवणे श्रेयस्कर.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती वारसाची बाब. घरातील कर्ता पुरुष वा गृहिणी अचानक निघून जाते आणि पासवर्ड त्यांच्याबरोबरच जातो. मागे राहिलेल्यांच्या हाती कुलूपबंद फोन उरतो. त्यातील शेवटच्या सहलीची छायाचित्रे कोणालाच दिसत नाहीत. यावर उपाय उपलब्ध आहे. गुगलच्या ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये दहापर्यंत व्यक्तींची नोंद करता येते, ठरविलेल्या मुदतीत खाते वापरले गेले नाही, तर निवडलेली माहिती त्यांना मिळू शकते. ॲपलनेही २०२१ पासून ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ची सोय दिली आहे. बँकेच्या खात्याला वारस नोंदविणाऱ्या कुटुंबाने ही नोंदही त्याच तत्परतेने करावी.

आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुटीत, त्या हजारोंमधून शंभर छायाचित्रे निवडून छापून घ्यावीत. मागे तारीख आणि नावे लिहावीत. कारण नातवंडांना ‘ही कोण?’ हा प्रश्न पडेल, तेव्हा उत्तर देणारे घरात असतीलच असे नाही.