घाणीचा चुना

जुन्या वाड्याची दुरुस्ती नीट चालली आहे की नाही, हे अंगणात डोकावले की कळते. तिथे चुन्याची घाणी फिरत असेल तर मालकाने जाणता गवंडी गाठला आहे. नुसती सिमेंटची पोती रचलेली असतील तर तीच भिंत काही वर्षांत पुन्हा उघडावी लागणार.

घाणी म्हणजे दगडांनी बांधलेला गोल चर आणि त्यात फिरणारे जड दगडी चाक. पूर्वी त्याला बैल जुंपत. आता बहुतेक कामांवर मोटारीवर चालणारी लोखंडी घाणी दिसते. चुनखडी सुमारे ९०० अंशांवर भाजली की कळीचा चुना मिळतो. पाण्यात पडताच तो खदखदतो, फुगतो आणि विरतो. ही पायरी उरकून चालत नाही. न विरलेला खडा गिलाव्यात गेला तर महिन्यांनी तिथे फुगतो आणि फोड फुटतो. म्हणून चुना पाण्याखाली मुरत ठेवायचा, मग वाळू आणि विटांची सुरखी घालून घाणीत घोटायचा. भाजलेल्या मातीमुळे चुना ओलाव्यातही धरतो. गूळ, बेलफळाचा गर, हिरडा, मेथी, उडीद यांच्या कहाण्या फार रंगवून सांगतात. त्यांचा उपयोग आहेच. पण घोटण्यात कसर राहिली तर गूळ काय करणार?

भिंतीत गेल्यावर चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश पुन्हा चुनखडी होतो. जाड भिंतीच्या पोटात हे वर्षानुवर्षे चालते. तरी तो विटेपेक्षा मऊच राहतो, आणि वाड्याला हेच मानवते. सागवानी खांब आणि तुळया पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात आकसतात. चुना ते थोडेफार सोसतो. जोत्यातून चढलेली ओल त्याच्यातून बाहेर पडते. वरून सिमेंटचा थर दिला की ती आतच अडकते. मग क्षार फुटतात, विटेची पूड होते आणि भिंतीत पुरलेले खांबाचे टोक आतून कुजते. बाहेरून मात्र भिंत गुळगुळीत, त्यामुळे घरचे खुशीत असतात.

पुण्यातल्या वाड्यांनी याहून मोठे घाव सोसले. १८७९च्या आगीत बुधवारवाडा गेला, विश्रामबागवाड्याचाही भाग जळाला. सुरूच्या आकाराचे खांब असलेला त्याचा सज्जा आजही रस्त्यावरून दिसतो. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांत मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या. तरी माझ्या मते राहत्या वाड्यांना सर्वांत जास्त छळले ते गोठलेल्या भाड्याने. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला छप्पर दिले, पण हाती येणाऱ्या भाड्यात मालकाला कौलेही शाकारता येईनात. त्यात वारसदार दहा, मतेही दहा.

मुंबईत १९९५पासून वारसा-नियमावली आहे. यादीत नाव लागले की बदलासाठी परवानगी लागते; गवंड्याची मजुरी बहुधा मालकानेच काढायची. म्हणून काम देताना एक व्यवहार पाळावा. चुन्याचे काम चौरस फुटाच्या दराने देऊ नये, हात घाई करतो. गवंडी रोजावर ठेवावा, आणि गिलाव्यावर ओले गोणपाट टाकून ते भिजवायला घरातलाच माणूस नेमावा.