मनातली घटमांडणी

अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी बुलडाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला शेतात घट मांडतात. मधोमध खड्डा, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याची घागर, भोवती अठरा धान्यं. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही. पहाटे ढेकळं किती भिजली, दाणे कुठे सरकले ते पाहून वर्षाचं भाकीत सांगतात. ते कितपत खरं ठरतं, हा वाद जुनाच आहे. मला नवल वाटतं ते भल्या पहाटे जमणाऱ्या गर्दीचं. पेरणीला अजून महिना-दीड महिना असतो, पण काळजीची उगवण केव्हाच झालेली असते.

असा घट मन रोज मांडतं. 'यंदाही पीक हातचं जाणार', 'चारचौघांत हसू होणार'. भेंडवळच्या भाकिताला आपण निदान भाकीत तरी म्हणतो. मनाचं बोलणं मात्र थेट खरंच मानतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज यांना १९७८ साली विभागाच्या एका बैठकीत भीतीचा जबर झटका आला. भीती घालवायची जितकी धडपड केली, तितकी ती वाढली. त्यांनी पुढे सहकाऱ्यांसोबत घडवलेली उपचारपद्धती म्हणजे 'अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी'. आपल्याकडे कि. मो. फडके यांच्यामुळे अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ पद्धत ओळखीची आहे. ती अविवेकी विचाराशी वाद घालते. हेज यांची पद्धत वादात पडत नाही. 'मी बुडालो' असं न म्हणता 'मी बुडालो, असा विचार मनात आलाय' एवढंच म्हणून पाहा. विचार तोच असतो, पण त्याच्यात नि आपल्यात वीतभर जागा होते. समजा, पोरीच्या शिक्षणासाठी कर्ज काढायचंय. धडधड थांबली की बँकेत जाऊ म्हटलं, तर जाणं होतच नाही. म्हणून धडधडीसकट जायचं, कारण पोरीचं शिक्षण आपल्याला मोलाचं आहे. याला म्हणतात मानसिक लवचीकता.

'स्वीकार' हा शब्द मात्र आपल्याकडे जपून वापरावा लागतो. शेतकरी आत्महत्यांमुळे दिलेल्या २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत बुलडाणा होता. इथं 'स्वीकारा' म्हटलं की 'नशिबात होतं, गप्प बसा' असंच ऐकू येतं. स्वीकारायची ती छातीतली भीती. सोयाबीनचा पडलेला भाव किंवा अडकलेला पीकविमा नव्हे. त्यासाठी भांडायचंच. शेतकऱ्याला गप्प बसवणाऱ्या सल्ल्याला मी उपचार म्हणणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं याच पद्धतीवरून ध्वनिमुद्रित सत्रं तयार केली. युगांडातल्या छावण्यांत दक्षिण सुदानच्या सुमारे ७०० निर्वासित स्त्रियांवर त्यांची चाचणी झाली. ज्यांनी ही पाच सत्रं घेतली, त्यांचा ताण तीन महिन्यांनी इतरजणींपेक्षा कमी आढळला. सत्रं चालवणाऱ्या बाया डॉक्टर नव्हत्या, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या होत्या. राज्य सरकारच्या प्रेरणा प्रकल्पात शेतकऱ्यांच्या घरी विचारपूस करणाऱ्या आपल्या आशाताईंना असं काही हाती मिळायला हवं.

जीव द्यावासा वाटत असेल, तर एकट्यानं असे सराव करत बसू नये. घरच्या कुणाला तरी सांगावं, टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ वर फोन लावावा. तिथं मराठीत बोलता येतं.