कॉइन विकला पोरानं, खातं गोठलं घरचं : केवायसीचा नियम नेमका कुठं लागतो?

मागच्या हंगामात ओळखीतला एक पोरगा बँकेचं पासबुक घेऊन माझ्याकडं आला. सोयाबीनची पट्टी खात्यावर जमा झालेली, पण पैसे निघेनात. बँकेत विचारलं तर परराज्यातल्या पोलिसांच्या पत्रावरून खातं गोठवल्याचं कळलं. पोरगा शपथेवर सांगत होता, "काका, मी कुणाला फसवलं नाही. फक्त कॉइन विकले." आणि तो खरंच बोलत होता. कॉइन म्हणजे यूएसडीटी, डॉलरला बांधलेलं डिजिटल नाणं. मोबाइलवरच्या एका ग्रुपात कुणी चार पैसे जास्त भाव दिला, म्हणून यानं विकलं. खात्यात आलेली रक्कम मात्र तिसऱ्याच माणसाला फसवून काढलेली होती.

आपल्या तालुक्यांत शिकलेल्या पोरांच्या हातात हा धंदा आलाय, म्हणून यातला कायदा काय आहे ते नीट समजून घ्यायला हवं.

बिटकॉइन २००९ मध्ये सुरू झालं. त्याला मुख्य कचेरी नाही, मॅनेजर नाही. सगळ्या व्यवहारांची एकच वही असते आणि तिची नक्कल जगभरातल्या हजारो कॉम्प्युटरवर असते. कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्यावर किती गेलं, हे कुणालाही बघता येतं. पण पत्त्यासमोर नाव नसतं. समजा, गावाचे सगळे सातबारे चावडीवर लावलेत, क्षेत्र आणि फेरफार सगळं दिसतंय, पण खातेदाराचा रकाना कोरा आहे. तसंच हे. लोक म्हणतात बिटकॉइन गुप्त असतं, ते अर्धंच खरं. नाव एकदा कळलं की त्या पत्त्याचा मागचा सगळा हिशोब उघडा पडतो.

आता कचेरीच नाही तर सरकार केवायसी कुणाला मागणार? म्हणून सरकारनं वेशीवर माणूस बसवला. रुपये देऊन कॉइन घेण्याची आणि कॉइन देऊन रुपये घेण्याची जागा म्हणजे एक्स्चेंज, आणि नियम तिथं लागला. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेनं कॉइनची खरेदी-विक्री, अदलाबदल, पाठवणी आणि सांभाळ यांचा धंदा करणारे मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आले. हा कायदा २००२ चा, बँकांना आधीपासून लागू असलेला. आता एक्स्चेंजनंही ग्राहकाची ओळख तपासायची, नोंदी ठेवायच्या आणि संशयास्पद व्यवहार दिल्लीच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला, म्हणजे एफआययूला कळवायचे.

परदेशी एक्स्चेंज म्हणाले असतील, आम्ही कुठं भारतात आहोत? डिसेंबर २०२३ मध्ये एफआययूनं बायनान्स, कुकॉइन, क्रॅकनसह नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा काढल्या. इथल्या माणसाला सेवा देता तर इथला नियम पाळा, एवढाच मुद्दा. पुढं त्यांच्या वेबसाइट बंद झाल्या. मग काही जण नोंदणीला आले. बायनान्सला २०२४ मध्ये १८ कोटी ८२ लाखांचा दंड बसला.

हे एवढं कशासाठी, ते पुण्यात गुन्हा दाखल झालेल्या गेनबिटकॉइन प्रकरणावरून कळतं. दरमहा दहा टक्के परतावा, तोही बिटकॉइनमध्ये, असं सांगून लोकांकडून बिटकॉइन गोळा केले गेले. एक साखळी, तिच्याखाली दुसरी. ईडीच्या म्हणण्यानुसार २०१७ मध्येच त्या बिटकॉइनची किंमत सुमारे ६,६०० कोटी रुपये होती. २०१८ मध्ये मुख्य आरोपी अमित भारद्वाज याला अटक झाली, २०२२ मध्ये तो वारला, आणि २०२३ च्या शेवटी सुप्रीम कोर्टानं वेगवेगळ्या राज्यांतले गुन्हे सीबीआयकडं दिले. मनी लाँडरिंगचा कायदा तेव्हाही होता आणि आरोपींना लागलाही. पण कॉइन कुठून कुठं गेले, ते कुणाचे, हे सांगायची जबाबदारी एक्स्चेंजवर नव्हती. माग काढता काढता वर्षं गेली.

वेशीवर पहारा बसला तरी आडवाटा राहतातच. कॉइन आपल्याच मोबाइलमधल्या वॉलेटवर ठेवलं आणि तिथून दुसऱ्याच्या वॉलेटवर पाठवलं, तर मध्ये कुणीच विचारत नाही. माणसानं माणसाला थेट विकलं, ज्याला पोरं पी-टू-पी म्हणतात, तर कॉइन वॉलेटमधून जातो आणि रुपये यूपीआयनं येतात. चोर हीच वाट धरतो. फसवून काढलेले रुपये तो कॉइन विकणाऱ्याच्या खात्यात टाकतो आणि कॉइन घेऊन पसार होतो. फसलेला माणूस १९३० ला फोन करतो, पोलीस बँकेच्या नोंदीवरून खात्यामागं खातं काढत येतात, आणि शेवटचं नावगाव असलेलं खातं आपल्या पोराचं निघतं. चोराचा फक्त वॉलेट पत्ता, बिननावाचा.

काही जण तर महिन्याला चार-पाच हजारांवर पासबुक, एटीएम आणि सिम दुसऱ्याच्या हवाली करतात. माझ्या मते हे कॉइन विकण्यापेक्षा कितीतरी वाईट. जाणूनबुजून मदत केल्याचं सिद्ध झालं तर मनी लाँडरिंगला तीन ते सात वर्षं सक्तमजुरी आहे.

एफआययूकडं नोंदणी म्हणजे सरकारची हमी, असंही कुणी समजू नये. जुलै २०२४ मध्ये नोंदणी असलेल्या वझीरएक्समधून सुमारे २३ कोटी डॉलरचे कॉइन चोरीला गेले. बँक बुडाली तर ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, कॉइनला तो नाही. नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा होत नाही. विक्रीवर एक टक्का टीडीएसचाही नियम आहे. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून हेही करमुक्त, असं सांगणारे भेटतात. तसं काही नाही.

तरी व्यवहार करायचाच असेल तर नोंदणीच्या एक्स्चेंजवरच करा, आणि सोयाबीन-कापसाचं, पीएम किसानचं खातं त्याला जोडू नका. पैसे पाठवणाऱ्याचं नाव आणि घेणाऱ्याचं नाव वेगळं दिसलं तर कॉइन सोडू नका. खातं गोठलंच तर बँकेकडून तक्रारीचा क्रमांक, पोलीस ठाण्याचं नाव आणि अडकवलेली रक्कम लेखी घ्या. चॅट, वॉलेटची नोंद, यूपीआयची पावती पुसू नका, तीच सोबत जोडून त्या ठाण्याला अर्ज करा.

त्या पोरानं चॅट पुसून टाकला होता. पावती तेवढी सापडली, ती जोडून अर्ज पाठवलाय. पेरणीच्या बियाण्याला त्याच्या वडलांनी आडत्याकडून उचल घेतली.