ताम्रमूर्तीचे कुळ

वैशाखी पौर्णिमेस भगवान बुद्धांचे स्मरण करताना भाविकांनी एका ताम्रमूर्तीचे कुळ जाणून घ्यावे. बिहारमध्ये गंगातीरी सुलतानगंज येथे इ. स. १८६१ च्या सुमारास लोहमार्गाचे काम चालू असता ती भूमीतून प्रकट झाली. उंची सुमारे साडेसात फूट, वजन ५०० किलोहून अधिक. विद्वान तिचा काळ इ. स. ५०० ते ७०० असा मानतात.

कुळ ओळखावे ते वस्त्रावरून. मथुरेच्या पाषाणमूर्तींत चीवराच्या चुण्या दोरीसारख्या उठून दिसतात. पाचव्या शतकात सारनाथच्या शिल्पींनी तेच वस्त्र जलासारखे नितळ केले. सुलतानगंजच्या मूर्तीचे वस्त्रही असेच अंगाशी एकरूप झालेले आहे. पाषाणात सिद्ध झालेली शैली येथे धातूत उतरली.

ओतकामाची रीत मात्र ‘मानसार’ ग्रंथ जिला ‘मधूच्छिष्टविधान’ म्हणतो तीच: मेणाची प्रतिमा, तिजवर मृत्तिकेचा लेप, अग्नीने मेण निघून जाते व त्या पोकळीत धातुरस भरतो. आपल्या देवालयांतील कित्येक उत्सवमूर्ती याच विधीने घडल्या आहेत.

ती मूर्ती आज इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात आहे. स्वदेश दुरावला, शिल्पी अनाम राहिला. उजव्या हाताची अभयमुद्रा मात्र तशीच आहे.